धुऱ्यापलीकडे जाणारे औषध

कीटकनाशकांचे व पशुवैद्यकीय औषधांचे रानातील जीवांवर होणारे परिणाम आणि वऱ्हाडातील शेती

पूर्णेच्या दोन्ही काठांवर पसरलेली अमरावती व अकोला जिल्ह्यांची काळी जमीन कपाशी, तूर, सोयाबीन आणि हरभरा या पिकांसाठी प्रसिद्ध आहे. मोर्शी-वरुडकडे संत्र्याच्या बागा आहेत. उत्तरेस गाविलगडचे डोंगर व मेळघाटचे जंगल आहे, तर अकोला शहराची तहान भागविणाऱ्या काटेपूर्णा जलाशयाभोवती अभयारण्य आहे. शेत, रान आणि पाणी ही तिन्ही या मुलखात एकमेकांना लागून आहेत. शेताची हद्द सात-बाऱ्यावर लिहिलेली असते आणि ती ओळखण्यासाठी धुरा असतो. परंतु पिकावर फवारलेल्या औषधास ही हद्द ठाऊक नसते. ते वाऱ्याबरोबर उडते, पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यात उतरते आणि कीटकांच्या शरीरातून पक्ष्यांच्या पोटात जाते.

हा प्रवास कसा घडतो याचा शोध घेण्याचे काम गेली सत्तर-पाऊणशे वर्षे निरनिराळ्या देशांच्या सरकारी संशोधन संस्था करीत आल्या आहेत. त्या संशोधनातून निघालेले निष्कर्ष जितके वनरक्षकाच्या उपयोगाचे आहेत, तितकेच कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्याच्याही उपयोगाचे आहेत. कारण औषधाने जे जीव प्रथम मरतात, त्यांत शेतकऱ्याचे विनामोल राबणारे मदतनीस बहुसंख्येने असतात. प्रस्तुत पाठात या संशोधनातील काही प्रमुख उदाहरणे देऊन वऱ्हाडातील शेतीवर त्यांपासून कोणता बोध घ्यावयाचा, याचे विवेचन केले आहे.

औषधाच्या तीन वाटा

औषध रानातील जीवांपर्यंत मुख्यतः तीन वाटांनी पोहोचते.

पहिली वाट प्रत्यक्ष खाण्याची. विष लावलेले बियाणे जमिनीवर उघडे राहिले, किंवा दाणेदार औषध मातीआड झाले नाही, तर कबूतर, तित्तिर, मोर असे दाणे टिपणारे पक्षी ते अन्न समजून खातात. डबक्यात पंप धुतल्यास ते पाणी पिणारी जनावरे व त्यातील मासे याच वाटेने बळी पडतात.

दुसरी वाट भक्ष्याची. फवारलेली अळी वा नाकतोडा तत्काळ मरत नाही. तो मंदावतो, धडपडतो आणि म्हणूनच पक्ष्याला सहज सापडतो. समजा, एका अळीच्या अंगी औषधाचा एक कण आहे. कोतवाल पक्ष्याने दिवसभरात अशा पन्नास अळ्या खाल्ल्या तर त्याच्या पोटात पन्नास कण जातात. औषध लवकर नष्ट न होणारे व चरबीत साठून राहणारे असेल, तर उद्याचे पन्नास कण आजच्या पन्नासात मिळतात. याप्रमाणे अळीपासून पक्ष्याकडे व लहान पक्ष्यापासून ससाण्याकडे जाताना विषाचे प्रमाण पायरीपायरीने वाढत जाते. साखळीच्या शेवटच्या टोकावर जो प्राणी असतो, त्यास सर्वांत अधिक विष मिळते.

तिसरी वाट उपासमारीची. येथे विष पक्ष्याच्या पोटात जात नाही, पण त्याचे अन्न नाहीसे होते. चिमणीसारखा दाणे खाणारा पक्षीदेखील आपल्या पिलांना अळ्या व किडे भरवितो. शिवारातील सर्व किडे एकाच वेळी मारले गेले, किंवा तणनाशकाने धुऱ्यावरील फुलझाडे व गवत समूळ गेले, तर पिले उपाशी मरतात. पुढच्या हंगामात शिवारात पक्षी कमी का झाले, हे मग कोणासही उमगत नाही.

अंड्यांच्या कवचावरून लागलेला शोध

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटीचा शेतीत सर्वत्र वापर सुरू झाला. हे औषध माणसास तत्काळ बाधत नाही, असे दिसल्यामुळे ते निर्धोक मानले गेले. काही वर्षांनी युरोप व अमेरिकेत बहिरी ससाण्यासारख्या शिकारी पक्ष्यांची संख्या झपाट्याने घटू लागली. मेलेले पक्षी फारसे सापडत नव्हते, परंतु घरट्यांत फुटलेली अंडी आढळत होती.

ब्रिटनमधील निसर्गसंरक्षणाच्या सरकारी संस्थेत काम करणाऱ्या डेरेक रॅटक्लिफ यांनी जुन्या संग्रहांत जपून ठेवलेल्या अंड्यांची कवचे तपासली व १९६७ साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. डीडीटी वापरात आल्यानंतरच्या काळातील कवचे आधीच्या कवचांपेक्षा पातळ होती. मादी उबविण्यास बसली की तिच्याच भाराने अंडी फुटत. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव सेवेच्या पॅटक्सेंट येथील संशोधन केंद्रात पिंजऱ्यातील लहान ससाण्यांना खाद्यातून डीडीटी व डिल्ड्रिन यांची अल्प मात्रा देऊन पाहण्यात आली. त्यांची कवचेही पातळ झाल्याचे १९६९ साली जाहीर झाले. १९७२ साली अमेरिकेने डीडीटीचा शेतीतील वापर बंद केला. भारतात तो १९८९ साली बंद करण्यात आला.

या शोधाचे महत्त्व असे की, औषधाची परीक्षा केवळ ‘प्राणी मेला की जगला’ एवढ्यावर करता येत नाही, हे त्याने सिद्ध केले. जो पक्षी धडधाकट दिसतो, त्याचा वंश मात्र खुंटलेला असू शकतो.

टोळ खाणारा शिकारी पक्षी

डीडीटीसारखी टिकाऊ औषधे मागे पडल्यावर त्यांची जागा मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, अॅसिफेट अशा सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधांनी घेतली. ही औषधे बहुधा वर्षानुवर्षे टिकून राहत नाहीत. परंतु त्यांतील काही अत्यंत जहाल आहेत. शरीरातील नसा एकमेकींना संदेश देतात, तेव्हा संदेश पोहोचल्यावर तो थांबविणारा एक घटक असतो. ही औषधे त्या घटकास निकामी करतात. परिणामी संदेश थांबत नाही, स्नायू आखडतात, तोंडास फेस येतो व अखेर श्वास बंद पडतो. किड्याच्या शरीरात हे औषध ज्या रीतीने काम करते, त्याच रीतीने ते पक्ष्याच्या आणि माणसाच्या शरीरातही करते.

उत्तर अमेरिकेत अंडी घालणारा स्वेन्सन नावाचा एक शिकारी पक्षी थंडीच्या दिवसांत हजारो मैल दक्षिणेस अर्जेंटिनात जातो व तेथे टोळ आणि नाकतोडे खाऊन राहतो. १९९० नंतरच्या दशकात तो उत्तरेस कमी संख्येने परतू लागला. अमेरिकेच्या सरकारी संशोधकांनी काही पक्ष्यांच्या पाठीवर उपग्रहाशी संपर्क साधणारी लहान यंत्रे बसविली आणि त्यांचा माग काढीत ते अर्जेंटिनातील शेतांत पोहोचले. १९९५-९६ च्या हंगामात तेथे या पक्ष्यांची हजारो प्रेते आढळली. शेतकऱ्यांनी नाकतोड्यांवर मोनोक्रोटोफॉस फवारले होते आणि पक्ष्यांनी ते नाकतोडे खाल्ले होते. यानंतर अर्जेंटिनात त्या औषधाचा वापर बंद करण्यात आला.

वऱ्हाडातील शेतकऱ्यास हे औषध अपरिचित नाही. कपाशीवर ते वर्षानुवर्षे फवारले गेले आहे. आपल्याकडेही हिवाळ्यात उत्तरेकडील दूरदेशांतून भोवत्या नावाचा शिकारी पक्षी माळरानांवर येतो व टोळ-नाकतोडे खातो. भारत सरकारने २००५ साली मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर बंद केला आणि २०२३ च्या आदेशाने त्याचे ३६ टक्के तीव्रतेचे द्रावण टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरविले.

आपल्या देशातील सारस पक्ष्याचे उदाहरणही असेच आहे. राजस्थानातील भरतपूर येथील केवलादेव राष्ट्रीय उद्यानात १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस सारस मरून पडू लागले. तपासात त्यांच्या शरीरात अल्ड्रिन या औषधाचा अंश सापडला. आजूबाजूच्या शेतांत पेरणीच्या वेळी ते वापरले जात होते. म्हणजे उद्यानास कुंपण होते, रक्षक होते, परंतु संकट शेतातील दाण्यांतून आले. १९९६ साली अल्ड्रिनवर देशात बंदी आली.

गिधाडांचा धडा

सर्वांत मोठे उदाहरण मात्र पिकावरील औषधाचे नसून गुरांच्या औषधाचे आहे. एके काळी गावाबाहेर मेलेले ढोर टाकले की घटका-दोन घटकांत गिधाडांचा थवा उतरे व हाडांखेरीज काही शिल्लक राहत नसे. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी आणि लांब चोचीच्या व निमुळत्या चोचीच्या गिधाडांची संख्या मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. प्रथम रोगाचा संशय आला. २००४ साली पाकिस्तानातील पाहणीतून खरे कारण उघड झाले. मेलेल्या गिधाडांच्या मूत्रपिंडांवर व इतर अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा थर आढळला. त्यांनी खाल्लेल्या जनावरांना मरणापूर्वी डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध टोचलेले होते.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. शास्त्रज्ञांनी केलेल्या गणितानुसार शंभर मृत जनावरांपैकी एकाहून कमी जनावरांच्या मांसात घातक प्रमाणात औषध असले, तरी गिधाडांचा एवढा नाश होण्यास ते पुरेसे होते. गिधाडे मोठ्या संख्येने एकाच जनावरावर बसतात. शिवाय गिधाडाची मादी वर्षास एकच अंडे घालते, त्यामुळे झालेली हानी भरून निघण्यास अनेक वर्षे लागतात. ‘माझ्या एका जनावराला दिलेल्या सुईने काय बिघडणार,’ या प्रश्नाचे उत्तर या गणितात आहे.

दोष दाखविल्यावर पर्यायही दाखवावा लागतो, कारण दुखणाईत बैलास औषधावाचून ठेवता येत नाही. हे काम भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या इज्जतनगर येथील पशुवैद्यकीय संशोधन संस्थेने इतर संस्थांच्या सहकार्याने केले. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना बाधत नाही, असे प्रयोगांती सिद्ध झाले. २००६ साली सरकारने जनावरांसाठी डायक्लोफिनॅकच्या वापरावर बंदी घातली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात वापरल्या जात असल्याचे आढळल्यावरून २०१५ साली त्या सुईच्या बाटलीचा आकार ३ मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. २०२३ साली जनावरांसाठी अॅसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेन, आणि २०२४ च्या अखेरीस निमेसुलाइड, या औषधांवरही बंदी आली.

गिधाडे गेल्यामुळे काय घडले, तेही पाहण्यासारखे आहे. मेलेली ढोरे उघड्यावर कुजू लागली, पाणी दूषित झाले आणि मोकाट कुत्री वाढली. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असा अंदाज वर्तविला आहे की, २००० ते २००५ या काळात गिधाडांच्या अभावी देशात दरवर्षी सुमारे १ लाख अधिक माणसे दगावली. ज्या पक्ष्यास अशुभ मानून हाकलले जाई, तो गावाचे आरोग्य राखीत होता. हरियाणातील पिंजोर येथील केंद्रात वाढविलेली काही गिधाडे २०२४ साली विदर्भातील पेंच व ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली. ती जगतील की नाही, हे जंगलापेक्षाही गावागावांतील गोठ्यांवर अवलंबून आहे.

कपाशीतील मित्र आणि शत्रू

आता शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष नफ्यातोट्याकडे वळू. बीटी कपाशी येण्यापूर्वीच्या काळात देशाच्या पिकाखालील क्षेत्रापैकी सुमारे ५ टक्के क्षेत्र कपाशीखाली असे, परंतु शेतीत वापरल्या जाणाऱ्या कीटकनाशकांपैकी ४० टक्क्यांहून अधिक वाटा या एका पिकावर खर्च होई. १९८० नंतर सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटाची औषधे आली. पहिली काही वर्षे त्यांचा परिणाम उत्तम दिसला. नंतर १९८७ साली आंध्र प्रदेशात अमेरिकन बोंडअळी या औषधांनी मरेनाशी झाली, आणि पांढऱ्या माशीचा उपद्रवही पूर्वीपेक्षा वाढला.

असे का झाले? प्रत्येक फवारणीत काही चिवट अळ्या वाचतात व त्यांचीच प्रजा पुढे वाढते, हे एक कारण. दुसरे कारण असे की, पऱ्हाटीवर ढालकिडा, क्रायसोपा, सिरफिड माशी, कोळी व ट्रायकोग्रामा हे मित्रकीटक असतात. ढालकिडा व क्रायसोपाची अळी मावा खाते. ट्रायकोग्रामा ही अतिसूक्ष्म गांधीलमाशी किडींच्या अंड्यांत आपली अंडी घालते. निसर्गात शत्रुकीड आधी वाढते व तिच्यावर जगणारा मित्र मागून येतो. फवारणीने दोघेही मेले, तर शत्रू लवकर पुन्हा उभा राहतो आणि मित्राला खाण्यास काही उरलेले नसल्याने तो फार मागे पडतो. मधल्या काळात पीक निराधार असते. मग शेतकरी दुसरी फवारणी करतो, दुसरीमुळे तिसरीची गरज उत्पन्न होते आणि औषधाच्या दुकानातील उधारी वाढत जाते.

नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने यावरून जी पद्धत घालून दिली, तिचे मुख्य सूत्र असे की, पेरणीनंतर सुमारे ६० दिवसांपर्यंत सर्व कीटकांना सरसकट मारणारी जहाल औषधे वापरू नयेत, म्हणजे त्या काळात शेतात मित्रकीटकांचे बस्तान बसते. २००२ साली बीटी कपाशी आल्यानंतर बोंडअळीवरील फवारण्या काही काळ घटल्या. परंतु पुढे गुलाबी बोंडअळीने बीटी वाणांसही दाद देणे सोडले व २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीचे फार मोठे नुकसान झाले.

त्याच २०१७ सालच्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना शेकडो शेतकरी व मजूर विषबाधेने आजारी पडले आणि वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. उंच वाढलेली पऱ्हाटी, दमट हवा, अनेक औषधांची एकत्र मिश्रणे आणि संरक्षक कपड्यांचा अभाव ही कारणे तपासात पुढे आली. राज्य शासनाने त्या वेळी पाच औषधांच्या विक्रीस तात्पुरती बंदी केली. रानातील जीवांची काळजी ही शेतकऱ्याच्या काळजीपासून निराळी नाही, हे या घटनेवरून कळून येते. शिवारात पक्षी व मधमाश्या मरू लागल्या, की तोच धोका फवारणाऱ्या माणसाच्याही अंगावर येत आहे, असे समजावे.

डब्यावरील त्रिकोणाचा खरा अर्थ

कीटकनाशक कायदा १९६८ अन्वये कोणतेही औषध विक्रीस येण्यापूर्वी त्याची नोंदणी व्हावी लागते. त्यासाठी सस्तन प्राणी, पक्षी, मासे व मधमाश्या यांच्यावर होणाऱ्या परिणामांची माहिती सादर करावी लागते. डब्यावर लाल, पिवळा, निळा व हिरवा असे त्रिकोण असतात. लाल सर्वांत विषारी व हिरवा सर्वांत कमी विषारी, असा त्यांचा क्रम आहे. परंतु हा क्रम उंदरासारख्या सस्तन प्राण्यांवरील विषबाधेवरून ठरविलेला आहे. तो मुख्यतः माणसाच्या सावधगिरीसाठी आहे. माणसास तुलनेने कमी बाधणारी पायरेथ्रॉइड औषधे माशांना अत्यंत घातक आहेत. इमिडाक्लोप्रिड, थायोमेथोक्झाम व फिप्रोनिल ही औषधे मधमाशीस अल्प मात्रेतही मारतात. यास्तव त्रिकोण पाहून झाल्यावर डब्यासोबतचे माहितीपत्रकही वाचावे व त्यातील मासे, मधमाश्या आणि पक्षी यांविषयीच्या सूचना पाळाव्यात.

आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावी. चाचणीत बहुधा एका वेळी एकच औषध एका प्राण्यावर तपासले जाते. पंपात तीन-चार औषधे, त्यांत विद्राव्य खत व टॉनिक मिसळल्यास होणारे मिश्रण कोणत्याही चाचणीतून उतरलेले नसते. शिफारस नसलेले मिश्रण करू नये.

शेतावर काय करावे

१. पाहणीवाचून फवारणी नको. आठवड्यातून एकदा शेतात निरनिराळ्या ठिकाणची झाडे तपासावीत. प्रति पान १० मावा, २ ते ३ तुडतुडे किंवा १० फुलकिडे आढळल्यासच रसशोषक किडींसाठी उपाय योजावा. पाहणी करताना मित्रकीटकही मोजावेत. ते पुरेसे असल्यास काही दिवस थांबून पुन्हा पाहावे.

२. गुलाबी बोंडअळीसाठी हेक्टरी ५ कामगंध सापळे लावावेत. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात सरासरी ८ पतंग आढळल्यास किंवा फुले-बोंडांची हानी १० टक्क्यांवर गेल्यास औषधाचा विचार करावा. त्याआधी ट्रायकोकार्डांचा वापर करावा. कार्डे लावल्यावर निदान आठवडाभर रासायनिक फवारणी करू नये, अन्यथा पैसे देऊन आणलेले मित्र स्वतःच्याच हाताने मारले जातील.

३. पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. ५ किलो निंबोळ्यांचा भरडा रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी फडक्याने गाळावा. त्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून एकूण १०० लिटर द्रावण करावे व त्याच दिवशी वापरावे. उन्हाळ्याच्या अखेरीस निंबोळ्या वेचून ठेवल्यास खर्च नाममात्र येतो.

४. तूर व हरभऱ्याच्या शेतात हेक्टरी २० पक्षिथांबे उभारावेत. कोतवाल, साळुंकी व वेडा राघू त्यांवर बसून अळ्या व पतंग टिपतात. थांबे पिकापेक्षा उंच असावेत. दाणे भरू लागल्यावर ते काढून घ्यावेत.

५. फुलोऱ्यात असलेल्या पिकावर व संत्र्याच्या बहरावर दिवसा फवारणी करू नये. निकड असल्यास मधमाश्या परतल्यावर, सायंकाळी करावी. वारा नाल्याच्या, विहिरीच्या किंवा वस्तीच्या दिशेने असेल तर थांबावे. नाल्यालगतच्या काही तासांवर फवारणी टाळून तेथे गवत राखावे, म्हणजे वाहून येणारे औषध तेथे अडते.

६. औषध लावलेले बियाणे पूर्णपणे मातीआड करावे. शेताच्या कडेस सांडलेले दाणे वेचून पुरावेत. पंप व डबे नाल्यात, तळ्यात किंवा गुरांच्या हौदावर धुऊ नयेत.

७. उंदरांसाठी ठेवलेले विषारी आमिष बिळात खोल टाकून बीळ बंद करावे. मेलेले उंदीर रोज गोळा करून पुरावेत. गव्हाणी घुबडाचा मुख्य आहार उंदीर आहे व पिंगळाही उंदीर खातो. विष खाल्लेला उंदीर त्यांनी खाल्ल्यास फुकटचा राखणदार जातो.

८. रोही व रानडुकरांच्या त्रासास कंटाळून आमिषात कीटकनाशक घालून ठेवणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अन्वये गुन्हा आहे. त्या विषाने गावची कुत्री, गुरे आणि मेलेले जनावर खाणारा बिबट्यासारखा प्राणीही मरतो. पिकाच्या नुकसानीची सूचना वनविभागास वेळेत देऊन भरपाई मागावी.

९. जनावरास वेदनाशामक औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानेच द्यावे व मेलॉक्सिकॅमसारखे गिधाडांना न बाधणारे औषध मागावे. औषधोपचार चालू असताना दगावलेले जनावर उघड्यावर न टाकता खोल पुरावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांचे काम

गावात काम करणाऱ्या कार्यकर्त्याने तीन गोष्टी विशेष कराव्यात. पहिली, घरोघरी राहिलेल्या जुन्या डब्यांची चौकशी करावी. बीएचसी १९९७ पासून, एन्डोसल्फान २०११ पासून आणि फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस ही औषधे २०२० च्या अखेरीपासून बंद आहेत. असे डबे वापरू देऊ नयेत, जाळू किंवा पुरू देऊ नयेत. ते बंद करून बाजूस ठेवावेत व तालुका कृषी अधिकाऱ्यास कळवावे.

दुसरी, एकाच ठिकाणी दोनपेक्षा अधिक पक्षी, मासे किंवा मधमाश्यांची पोळी मेलेली आढळल्यास ठिकाण, तारीख, आसपासचे पीक व मागील आठवड्यात फवारलेले औषध यांची वहीत नोंद करावी. प्रेतास उघडा हात लावू नये. पशुवैद्यकीय अधिकारी व वनविभाग यांना त्याच दिवशी कळवावे. उशीर झाल्यास नमुना कुजतो आणि कारण कायमचे अज्ञात राहते.

तिसरी, शेतकऱ्यांच्या सभेत औषधांची नावे सांगण्यापूर्वी मित्रकीटकांची ओळख द्यावी. काचेच्या बाटलीत ढालकिड्याची अळी नेऊन दाखवावी. ही काळी, काटेरी अळी अनेकांना शत्रू वाटते आणि तिच्यावरच फवारणी होते. ती मावा कशी खाते हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला शेतकरी पुन्हा तिच्यावर पंप उचलीत नाही.

संशोधनाने वेळोवेळी औषधे बंद केली, नवी शोधली आणि त्यांच्याही मर्यादा दाखविल्या. परंतु बंदीचा प्रत्येक आदेश नुकसान झाल्यानंतर आला आहे, हेही तितकेच खरे. डीडीटी बंद होईपर्यंत ससाणे गेले, डायक्लोफिनॅक बंद होईपर्यंत गिधाडे गेली. पुढील आदेशाची वाट न पाहता जे आजच करता येते, ते शेतकऱ्याच्या हाती आहे. येत्या खरिपात प्रत्येक गावात निदान पाच शेतकऱ्यांनी पहिले ६० दिवस कपाशीवर जहाल औषध न फवारण्याचा प्रयोग आपल्या एका एकरावर करावा, शेजारच्या एकराशी खर्चाची व उत्पन्नाची तुलना करावी आणि त्याचा हिशेब हंगामाच्या शेवटी ग्रामसभेत मांडावा.